गडी वाटताना

आमच्या रिसोडला लहानपणी गडी वाटण्याची एक रीत होती. ती रिसोडचीच असेल असे नाही. मराठी मुलुखात ती बहुतेक गावांतून असावी. हुतूतू असो, लंगडी असो की विटीदांडू, आधी दोन म्होरके ठरत. मग उरलेली पोरे आपापल्या तोलाचा सोबती शोधीत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कडुलिंबापलीकडे जात, तिथे काहीतरी कुजबुजत आणि परत येऊन म्होरक्यांपुढे उभी राहत. "आंबा पाहिजे की चिंच?" ज्याची पाळी असे तो म्हणे, "चिंच." चिंच झालेला पोरगा त्याच्या बाजूला जाई आणि आंबा दुसऱ्या बाजूला. सगळ्या जोड्या संपल्या की दोन संघ तयार.

या रीतीत केवढे शहाणपण होते ते त्या वयात कळणे शक्य नव्हते. माणसाची किंमत ठरवण्याचे काम म्होरक्याकडे नव्हतेच. ते पोरांनी स्वतःच, कडुलिंबाच्या आड, आपसात उरकलेले असे. आणि त्यात लबाडीला फारशी जागा नव्हती. कारण आपल्यापेक्षा तगड्या पोराशी जोडी जमवायची तर त्या तगड्याने आधी होकार द्यायला हवा, आणि तो कशाला देतो! म्होरक्याला फक्त एक शब्द निवडायचा असे. त्या शब्दामागे कोण उभा आहे हे त्याला ठाऊक नसे, म्हणून कोणाला नाकारल्याचे पापही त्याच्या माथी येत नसे. जोडी न जमलेले एखादे शेंबडे पोर उरलेच तर ते कच्चे लिंबू. ते दोन्हीकडून खेळे आणि कधीच बाद होत नसे. सबंध समाजव्यवस्थेत कच्च्या लिंबासाठी एवढी सोय केलेली मी पुढे कुठे पाहिली नाही.

पुढे आम्ही मोठे झालो. शाळेचा कबड्डीचा संघ निघाला आणि आंबा-चिंच संपली.

ही १९७७ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रिसोड तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. मी दहावीत होतो आणि कर्णधार होतो. कर्णधार का, तर अक्षर चांगले होते आणि घरी सायकल होती. खेळात मी बेताचाच. आमचे व्यायामशिक्षक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. १९१४ साली निघालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी करून दाखवली होती. ही हकीकत गुरुजी आम्हांला इतक्या वेळा सांगत की बर्लिन हे कारंज्याच्या पलीकडचे एखादे गाव असावे असे आम्हांला वाटू लागले होते. एके संध्याकाळी त्यांनी मला कागद दिला आणि म्हणाले, "बारा नावं लिही. सात खेळणारे, पाच राखीव. पण पहिलं नाव विचार करून लिही. बाकीचा संघ त्या नावाभोवती उभा राहील."

मी रात्रभर विचार केला असे म्हणायला मला आवडले असते. खरे म्हणजे विचार करावाच लागला नाही. आमच्यात एक सालदाराचा मुलगा होता. काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत आलेले, आणि चढाईला निघाला की काळ्या मातीच्या त्या मैदानावर त्याचे पाय टेकतात की नाही अशी शंका यावी. तो दम घुमवीत रेषेपलीकडे गेला की बघ्यांची बोलणी थांबत. त्याचे नाव मी पहिले लिहिले.

दुसराही एक होता. किराणा दुकानदाराचा मुलगा. बुटका, जाड मानेचा, फारसे न बोलणारा. तो डावा कोपरा सांभाळी. चढाई करणारा आत आला की हा खाली बसल्यासारखा होई आणि त्याचा घोटा धरी. एकदा धरला की सोडीत नसे. पण घोटा धरलेला कोणाला दिसतो? धुळीत सहा जण एकावर एक पडलेले दिसतात, आणि गुण सगळ्यांच्या नावावर जातो. चढाईवाला मात्र एकटा जातो आणि एकटा परत येतो. त्याचे येणे-जाणे सगळ्या गावाला दिसते. कोपऱ्याचे नाव मी सातवे लिहिले.

कबड्डीचा एक नियम मला नेहमीच फार गहन वाटत आला आहे. समोरचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होतो. म्हणजे इथे कोणाचाही पराक्रम त्याचा एकट्याचा राहत नाही; त्याने दुसऱ्या कोणाला तरी मैदानात परत आणलेले असते. आमच्या वहीत मी चढाईवाल्याने बाद केलेले गडी मोठ्या हौसेने मांडीत असे. आमचे दोनच गडी उरलेले असताना त्या कोपऱ्याने घोटा धरून किती वेळा तिसरा गडी उठवला, त्याचा रकाना मी आखलाच नव्हता. ज्याचा रकाना नाही ते घडतही नाही, अशी माझी त्या वेळी समजूत होती. आणि पुढे नोकरीत मोठमोठ्या माणसांचीही तीच समजूत असलेली मी पाहिली.

पाच आठवडे आमचा सगळा सराव त्या एका मुलाभोवती फिरला. त्याला दम पुरावा म्हणून बाकीच्यांनी चढाया कमी केल्या. हळूहळू बाकीच्यांना चढाई करताच येईनाशी झाली. हे आम्हांला कळले नाही. उलट संघ कसा एकजीव झाला आहे असेच वाटले. तालुक्याचे सामने जिंकलो. वाशीमला गेलो. तिथे उपांत्य सामन्यात त्याला मागून ओढले, पाय जमिनीत रुतलेला राहिला आणि अंग फिरले. तो लंगडत परत आला, पण रेषेला हात लावूनच. गुण मिळाला. आम्ही त्याला खांद्यावर घेतले.

सकाळी त्याचा गुडघा कवठाएवढा झाला होता. गुरुजी पंचांच्या बैठकीला गेले होते. आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर त्याच्याभोवती उभे होतो. कोपऱ्याचा मुलगा एवढेच म्हणाला, "याले बसवू." इतक्या दिवसांत त्याने मला दिलेला हा एकच सल्ला. मी म्हणालो, आपण त्यालाच विचारू. आणि विचारले, "खेळतोस ना?"

त्या "ना"वर मी आजवर जितका विचार केला तितका कुठल्याही ग्रंथावर केलेला नाही. "खेळतोस का?" असे विचारता आले असते. "का" म्हणजे दार उघडे. आत यायचे की बाहेर जायचे ते तुझ्या हाती. "ना" म्हणजे दार लावून घेऊन वर कडी घातलेली आहे की नाही एवढे पाहणे. तो म्हणाला, "हाव."

आम्ही तो सामना दोन गुणांनी जिंकलो. ढाल रिसोडला आली. आडव्या बाजारातून ताशे वाजवीत आम्ही ती पिंगलाक्षी देवीच्या पायाशी नेली. तोही मिरवणुकीत होता, बैलगाडीत पाय पसरून बसलेला. जमलेली वर्गणी त्या मिरवणुकीत संपली. गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप घातला गेला, मग कोणा जाणत्याकडून तो चोळवून घेतला गेला. त्यानंतर तो पाय पुरता सरळ झाला नाही. सालदाराच्या पोराला सरळ पाय नसणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हरलो असतो तर बरे झाले असते असे मला पुष्कळदा वाटले आहे. पराभवाने माणूस आपोआप शहाणा ठरतो. चूक कुठे झाली ते सगळेच सांगतात. जिंकल्यावर चुकीला चूक म्हणायला कोणी मिळत नाही. माझी निवड बरोबर ठरली होती. पुरावा ढालीच्या रूपाने शाळेच्या कपाटात होता.

द्रोणपर्वातला युधिष्ठिर मला यामुळेच जवळचा वाटतो. चक्रव्यूह फोडून आत जाणे त्या दिवशी त्यांच्या बाजूला एकट्या अभिमन्यूला येत होते. अर्जुन दूर लढत होता. युधिष्ठिराने त्याला जायला सांगितले, आणि आम्ही तुझ्या मागोमाग येतो असे वचन दिले. ते वचन खोटे नव्हते. सगळे खरोखरच मागून निघाले होते. जयद्रथाने त्यांना वाटेत अडवले. आपल्याकडे या कथेत दोष जयद्रथाला देण्याची पद्धत आहे, आणि पोराच्या अपुऱ्या विद्येबद्दल हळहळण्याची. पण युधिष्ठिराचा शोक मला वेगळा वाटतो. ज्याला नाही म्हणता येणार नाही अशाला त्याने विचारले होते, हे त्याला ठाऊक होते. वडीलधाऱ्याने, तेही सगळ्यांच्या देखत, "तुझ्यावाचून कोणी नाही" असे म्हटल्यावर सोळा वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार?

माणसाला नुसते साधन समजू नये, असे कांट सांगून गेला. "नुसते" हा शब्द त्यात महत्त्वाचा. कारण खेळात आपण एकमेकांना साधन करतोच. त्याच्या दमावर माझा गुण आणि माझ्या पकडीवर त्याचे जिवंत होणे. त्याला हरकत नाही. निवडूच नये हे म्हणणेही पोरकट आहे. बारा जणांची जागा असली आणि चाळीस जण उभे असले की कोणीतरी कागद हातात घ्यायलाच हवा. प्रश्न निवडीचा नाही. एकदा निवडल्यावर त्या माणसाला थकण्याचा, दुखण्याचा, बाजूला बसण्याचा हक्क उरतो की नाही, हा आहे.

याच्या अगदी उलट टोकाचा अन्यायही आपल्याच इतिहासात आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची मशागत करता करता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते हिंदुस्थानातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते जमणार नव्हते. म्हणून त्यांना घेतले. मैदानावर सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. इतके करून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बराच झगडा झाल्यावर. संघ ज्याच्याभोवती उभा आहे तोच संघाबाहेर चहा पीत बसला आहे, हे चित्र मनातून जात नाही. मी माझ्या गड्याला खांद्यावर घेतले, त्यांनी बाळूंना ओसरीबाहेर ठेवले. दिसायला यात केवढा फरक! पण हिशेब दोन्हीकडे एकच होता: हात आमचा, माणूस तुझा तू सांभाळ.

हल्ली निवड उघड लिलावाने होते. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला तेव्हा महेंद्रसिंह धोनीवर पंधरा लाख डॉलरांची बोली लागली. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, सेहवाग आणि युवराज या पाच जणांना तर बोलीतूनच वगळून त्यांच्या त्यांच्या शहरांच्या संघांचे मानबिंदू ठरवले होते; म्हणजे पहिले नाव आधीच लिहून ठेवलेला कागदच संघांच्या हाती दिला. गंमत अशी की त्या वर्षी अजिंक्य ठरला तो राजस्थानचा संघ, ज्याच्याकडे असा मानबिंदू नव्हता. २०१४ पासून कबड्डीही या बाजारात आली. माणसांचा लिलाव हा शब्द ऐकून माझ्या पिढीतली माणसे कानांवर हात ठेवतात. मीही ठेवीत असे. पण मग २०२२ साल आले.

त्या वर्षी तमिळ थलैवाज या संघाने पवन सेहरावत या चढाईपटूला दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले. कबड्डीत तोवर कोणालाच एवढी किंमत आली नव्हती. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. मी घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. त्याला झोळीवरून बाहेर नेताना पाहिले आणि उठून अंगणात गेलो. आता हा संघ संपला, असे समालोचकांसारखे मलाही वाटले. तो त्या हंगामात पुन्हा उतरला नाही. आणि तो संघ त्याच्यावाचून, आपल्या इतिहासात प्रथमच, उपांत्य फेरीत पोहोचला. नरेंदर नावाच्या, त्या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळणाऱ्या पोराने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढे पुणेरी पलटणने त्यांना हरवले ते निराळे. आणि पवनचा गुडघा? तो नीट केला गेला. दुसऱ्या लिलावात त्याला आणखी मोठी किंमत आली, आणि २०२३ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

मी लिलावाचा भक्त झालो नाही. पैसे मोजले की माणसाची काळजी घेतली जाते असा नियम नाही. तो माल महागाचा होता म्हणून जपला गेला, असेही म्हणता येईल. तरी एक गोष्ट खटकून राहिली. ज्यांनी त्याला विकत घेतले होते त्यांनी त्याला बाहेर बसू दिले. आम्ही त्याचे मित्र होतो, आणि आम्ही बसू दिले नाही.

वऱ्हाडात पूर्वी खळ्यावर मळणी चाले तेव्हा मधोमध तिवडा रोवलेला असे आणि त्याला बांधलेल्या बैलांची पात गोल फिरे. मी लहानपणी आजोबांना विचारले होते की सगळ्यांत आत, तिवड्याजवळ कुठला बैल जुंपायचा. मला वाटे, सगळ्यांत जोरकस तो. आजोबा हसले. आत म्हातारा, शहाणा बैल. त्याला जागच्या जागी फिरायचे असते, पण त्याची चाल चुकली की सगळी पात चुकते. तरणा बैल बाहेरच्या कडेला, पळू दे त्याला. आणि तरणा थकला तर सोडून दुसरा लावता येतो. मळणी थांबत नाही. कागदावर पहिले नाव लिहिण्याच्या कितीतरी आधी मला हे सांगून झालेले होते, आणि ते मी बैलांपुरतेच समजलो.

आमचा विदर्भ १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा मला तो तिवडा आठवला. त्या हंगामात धावांचा डोंगर रचला होता कर्णधार फैज फझलने, अंतिम सामन्यात शतक होते अक्षय वाडकरचे आणि हॅट्ट्रिक रजनीश गुरबाणीची. विजयी फटका मारला तो मुंबईहून आलेल्या, चाळिशीला टेकलेल्या वसीम जाफरने. पात बाहेरून पळत होती, आणि आत एक जण संथपणे फिरत होता.

आमच्या संघात तो आतला कोण होता हे आता सांगायला नको. ज्याला धर्मशाळेच्या ओट्यावर "याले बसवू" म्हणता आले तो. आज मला कोणी कागद दिला तर पहिले नाव मी त्याचे लिहीन. त्याच्या पकडीसाठी नव्हे, त्या दोन शब्दांसाठी. पण आज मला कोणी कागद देत नाही.

गेल्या दिवाळीत रिसोडला गेलो होतो. वाशीम रस्त्याला आमच्या चढाईवाल्याचा पानठेला आहे. तो उंच स्टुलावर एक पाय आखडून बसतो आणि लांब हातांनी न उठता सगळे डबे गाठतो. आम्ही सोयाबीनच्या भावावर बोललो, पोरांवर बोललो. मग कसे कोण जाणे, शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी बोललो. त्या सकाळी मी तुला तसे विचारायला नको होते, म्हणालो.

तो पानाला चुना लावीत होता. म्हणाला, "काय बे, तेच धरून बसला अजून? तू म्हटलं नसतं तरी उतरलोच असतो मी."

मला एकदम हलके वाटले. मी हसलोही असेन. त्याने पानाची घडी घातली, लवंग टोचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तू म्हणाले नाही पाहिजे होतं."

मग तो माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला काथा कमी हवा होता.